दुपट्टा पुढे गेला

वारलू गुरुजी आणि सुकरी यांची गाडीत बसायची एक पद्धत होती. एटापल्लीच्या बसस्टँडवर गाडी लागली की सुकरी चार माणसांना विचारायची, "हे गाडी कुठी जाऊन राह्यली जी?" तोवर गुरुजी पुढे जाऊन पाटी वाचायचे. पाटीचं आणि माणसांचं जुळलं, की गुरुजी आधी चढायचे आणि रिकामी सीट पाहून खांद्यावरचा दुपट्टा तिच्यावर टाकायचे. दुपट्टा पडला की सीट आपली. मग तिथे कोणी बसत नसे. मागून पिशव्या, गाठोडी, कधी पाय बांधलेली कोंबडी घेऊन सुकरी सगळ्यांच्या शेवटी सावकाश चढायची. तिला घाई नसायची. बाई पायरीवर असताना घंटी मारील असा कंडक्टर तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

वाचायचं काम गुरुजींचं आणि विचारायचं सुकरीचं. लग्नापासून ही वाटणी चालत आली होती, आणि ती मोडायची वेळ कधी आली नव्हती. गुरुजींना विचारायचा भारी संकोच. आश्रमशाळेत पोरांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, कपाटातली सगळी पुस्तकं दोन-दोनदा वाचून झाली, पण दुकानात गेले तर हवी ती वस्तू आपणहून दिसेपर्यंत ते गप्प उभे राहायचे. आपण विचारावं आणि समोरच्याने हसावं, त्यापेक्षा साबणाऐवजी आगपेटी घेऊन घरी गेलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

त्यांची मुलगी रीना नर्स झाली, नागपूरला राहिली, जर्मन भाषा शिकली आणि व्हिएन्नाच्या एका इस्पितळात नोकरीला लागली. दुसऱ्या वर्षी तिने आईबाबांना बोलावून घेतलं. झाडांची पानं पिवळी पडायला लागली होती, पण थंडी अजून अंगाशी आली नव्हती. शहराच्या एका टोकाला, काग्रान नावाच्या भागात तिचं घर. तिथून जमिनीखालच्या गाडीने कुठेही जाता यायचं.

पहिल्या दिवशी गुरुजी तिकीट हातात धरून डब्यात ताठ बसले होते. बराच वेळ गेला तरी कोणी येईना, तेव्हा रीनाच्या ध्यानात आलं.

"बाबा, तिकीट खिशात ठेवा ना. कोनाची वाट पाहून राह्यले?"

"कंडक्टर येईल ना."

"इथी कंडक्टर नसते. खाली येतानी त्या निळ्या डब्यात तिकीट टाकलं ना आपण? त्याचा ठप्पा बसला, झालं."

सुकरीला ते पटलं नाही. "कंडक्टर नाई, त मंग घंटी कोन मारते?"

"कोनीच नाई मारत, आई. दार आपलं आपणच बंद होते."

"आपलं आपणच!" सुकरी नवऱ्याकडे पाहून म्हणाली. "आयका गुरुजी. एवढ्या मोठ्या गावात एक मानूस ठेवाले नाई जमलं यायले."

रीनाने त्यांना नकाशा दाखवला. नकाशावर रंगीत रेघा होत्या. आपली रेघ लाल, एक नंबरची. गुरुजींनी एका रात्रीत लाल रेघेवरची सगळी स्टेशनं पाठ केली. मोठ्याने म्हणायची मात्र हिंमत होत नव्हती.

आता त्या शहरात एक फार जुनं ग्रंथालय आहे. लाकडी कपाटं थेट छतापर्यंत, त्यांना शिड्या लावलेल्या, आणि वर रंगवलेला घुमट. त्याचं चित्र गुरुजींनी रीनाच्या फोनवर पाहिलं आणि तेव्हापासून त्यांच्या मनातून ते जाईना. रीना म्हणाली, पुढच्या रविवारी जाऊ. रविवार आला आणि तिची ड्यूटी लागली. गुरुजी दोन दिवस खिडकीतून बाहेर पाहत राहिले. शेवटी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "लाल रेघच त हाय. गाडी बदलाची बी नाई. आमीच जाऊन आलो तर?"

रीनाचा घास हातातच राहिला. बाबांनी आपणहून काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. म्हणून ती नाही म्हणाली नाही. मात्र सकाळी ड्यूटीवर जाताना तिने दारात उभं राहून दोघांना बजावलं, "हातात हात धरून राहा. आन् चुकामूक झाली, त जो मागं राह्यला त्यानं जागेवरून हलाचं नाई. जो पुढं गेला त्यानं वापस याचं. माझा फोन वॉर्डात बाहेर ठेवा लागते, मी उचलणार नाई. समजलं, आई?"

"हौ हौ," सुकरी पोळी उलटत म्हणाली.

जाणं तर अगदी सुखरूप झालं. कार्ल्सप्लाट्झला उतरून ते विचारत नव्हे, वाचत वाचत ग्रंथालयात पोचले. त्या दालनात गुरुजी हात पाठीमागे बांधून उभे राहिले. चुकून कशाला हात लागला तर डाग पडेल, अशी त्यांना भीती. सुकरीने मान वर करून सगळी कपाटं पाहून घेतली.

"एवढे पुस्तकं कोन वाचते जी?"

"आता कोनी नाई वाचत बहुतेक."

"मंग ठीक हाय. मले वाटलं, तुमाले वाचा लागतेत का."

गुरुजी हसले. गेल्या कित्येक दिवसांत त्यांना इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

परतताना सुकरीचे पाय दुखायला लागले, म्हणून ते स्टेशनजवळच्या बागेत बसले. समोर हिरव्या घुमटाचं मोठं चर्च होतं. बागेत पाणी प्यायचा एक नळ होता, येणाराजाणारा त्याला तोंड लावून पीत होता. सुकरीला ते तोंड लावणं आवडलं नाही. वाऱ्याने मोडून पडलेली एक डहाळी तिला गवतात सापडली. पानं पळसाच्या पानाएवढी रुंद, झाडाचं नाव कोणाला ठाऊक! तिने दोन पानं खुडली, काडी टोचून त्यांचा द्रोण केला, आधी नवऱ्याला पाजलं, मग स्वतः प्याली.

"पाणी गोड हाय यायचं," ती म्हणाली. "पहाडातलं असन."

ते खरोखरच पहाडातून येतं, हे गुरुजींनी कुठेतरी वाचलं होतं. तिला ते न वाचताही कळलं होतं. उरलेली डहाळी आणि द्रोण सुकरीने पिशवीत टाकला. पानं चिवट होती, टाकून देणं तिच्या जिवावर आलं. झाडाखाली पडलेली काही तुकतुकीत तपकिरी फळंही तिने उचलून घेतली. मोहाच्या बीसारखी, पण गोल.

मग दोघं जिना उतरून फलाटावर आले आणि गाडी आली.

दार उघडलं. गुरुजी आत शिरले. शेजारीशेजारी दोन सीटा रिकाम्या होत्या. हात हातात धरायचा होता, हे विसरून त्यांचा हात आपोआप खांद्याकडे गेला आणि दुपट्टा दोन्ही सीटांवर आडवा पडला. "ये," म्हणायला ते वळले. सुकरी अजून फलाटावरच होती. बाबागाडीवाल्या एका बाईला तिने आधी चढू दिलं होतं, मग काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्याला. सगळे चढले की आपण चढायचं, ही तिची पद्धत. तिने पाय उचलला आणि तिच्या तोंडासमोर दार लागलं.

गुरुजींचा हात वर गेला. घंटीची दोरी शोधत होता तो. वर नुसती दांडी होती.

"थांबवा! अरे थांबवा! बाई राह्यली!"

एवढ्या मोठ्याने ते वर्गातही कधी ओरडले नव्हते. गाडी निघाली. काचेतून सुकरीचा चेहरा दिसला, तोंड उघडं, एक हात पुढे केलेला, आणि मग भिंत आली आणि अंधार आला.

त्या अंधारात गुरुजींच्या मनात जे जे आलं ते सांगण्यात अर्थ नाही. तिच्याजवळ फोन नाही. तिकीटसुद्धा नाही, दोन्ही तिकिटं त्यांच्याच खिशात. तिला माडिया येते आणि आपली झाडीची मराठी येते. या शहरात दोन्हींचा उपयोग नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर पुस्तकांच्या पाठी पाहायच्या हौसेपायी!

बाबागाडीवाल्या बाईने त्यांच्या बाहीला हात लावला. तिने सगळं पाहिलं होतं. तिने एक बोट दाखवलं, खाली उतरायची खूण केली, मग हात उलटा फिरवला. पुढच्या स्टेशनाला उतरा, समोरची गाडी धरा, परत जा. गुरुजींनी मान हलवली. स्टेफान्सप्लाट्झ आलं. ते उतरले, फलाटाच्या दुसऱ्या अंगाला धावले, गाडीत शिरले, आणि यावेळी दाराला चिकटूनच उभे राहिले.

कार्ल्सप्लाट्झ. सुकरी नव्हती.

ती जिथे उभी होती ती जागा त्यांना नक्की आठवत होती. एका पिवळ्या जाहिरातीच्या समोर. जाहिरात होती. सुकरी नव्हती. त्यांनी फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, बाकांमागे पाहिलं. "सुकरी!" त्यांनी हाक मारली. दोनतीन माणसांनी वळून पाहिलं, त्यात ती नव्हती.

रीना म्हणाली होती, मागे राहणाऱ्याने हलायचं नाही. मग ही कशी हलली? कोणी नेली?

फलाटाच्या दोन्ही टोकांना वर जायचे रस्ते होते. पाट्यांवर बाण होते, नावं होती. गुरुजींनी भराभर वाचली. वाचून काय होणार! सुकरी कुठल्या बाणाने गेली, ते पाटीवर थोडंच लिहिलं होतं? 'ऑपेरा' लिहिलेल्या टोकाकडे गर्दी जास्त होती. गर्दीबरोबर ओढली गेली असेल, म्हणून ते तिकडे धावले. सरकत्या जिन्याच्या तोंडाशी पायाखाली काहीतरी कचकचलं. त्यांनी खाली पाहिलं नाही.

वर दुकानांची लांबलचक गल्ली होती आणि शेकडो माणसं. आता विचारल्याशिवाय मार्ग नव्हता. गुरुजी एका फुलवालीसमोर जाऊन उभे राहिले. सवयीने ते तसेच उभे राहिले असते, पण आज हवी ती वस्तू आपणहून दिसणार नव्हती.

"माय वाइफ," ते म्हणाले. मग हाताने उंची दाखवली, कपाळावरचं गोंदण दाखवलं, लुगडं दाखवलं, त्याच्यावरचा रीनाचा लाल स्वेटर दाखवला, पायातले पांढरे बूट दाखवले.

फुलवाली हसली नाही. तिने हातातली कात्री खाली ठेवली, नीट ऐकून घेतलं, शेजारच्या पाववाल्याला हाक मारून विचारलं. दोघांनीही मान हलवली. इकडून अशी बाई गेली नाही. गुरुजींनी आणखी एका माणसाला विचारलं, मग एका बाईला. कोणीच हसलं नाही. आणि कोणी तिला पाहिलंही नव्हतं.

ते परत खाली निघाले. उतरणाऱ्या जिन्यावरून त्यांना दिसलं, की एक झाडूवाला वाकून जिन्याच्या तोंडाशी पडलेलं काहीतरी सुपडीत ओढतो आहे. पानं होती. तुटलेली डहाळी होती. बाजूला दोन तपकिरी फळं गडगडत होती.

"नको! नको!" गुरुजी जिन्यावरूनच ओरडले. जिना आपल्या गतीने उतरत होता आणि ते त्याच्यावर दोन-दोन पायऱ्या ओलांडत होते.

झाडूवाला थबकला. गुरुजींनी त्याच्या सुपडीत हात घातला आणि डहाळी उचलली. तिच्यात काडी टोचलेला द्रोण अडकवलेला होता, एका बाजूने चेपलेला.

त्यांच्या डोळ्यांपुढे मोहफुलं वेचायचे दिवस उभे राहिले. पहाटे सगळं गाव रानात पांगतं. फाट्यावर वाट दोन्हीकडे फुटते, आणि पुढे गेलेली माणसं ज्या वाटेने गेली नाहीत, तिच्यावर हिरवी डहाळी आडवी टाकतात. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. मागून येणारा डहाळी पाहतो आणि दुसऱ्या वाटेला लागतो. आणि कोणी अगदीच हरवलं, तर धावाधाव करायची नाही. जिथे सगळ्यांनी मिळून शेवटचं पाणी प्यालं, तिथे जाऊन बसायचं. अक्षर ओळखायच्या आधी गुरुजी हे शिकले होते. आणि आज वरच्या सगळ्या पाट्या वाचत ते त्या डहाळीवर पाय देऊन गेले होते.

म्हणजे ती इकडून गेली नाही. दुसऱ्या टोकाने गेली. पाण्याकडे!

झाडूवाला त्यांच्याकडे पाहत होता. गुरुजींनी त्याला दोन्ही हात जोडून जोहार केला आणि पळत सुटले.

नळाजवळच्या बाकावर सुकरी बसली होती. गुरुजींना लाल स्वेटर लांबूनच दिसला. ते पळायचे थांबले, चालायला लागले, मग थोडा वेळ एका झाडाला धरून उभेच राहिले. सुकरीच्या शेजारी टोपी घातलेली एक गोरी म्हातारी बसली होती आणि नव्या द्रोणातून पाणी पीत होती. दोघींच्या गप्पा चालल्या होत्या, आपापल्या भाषेत.

"आले पाहा," सुकरी म्हातारीला म्हणाली. "हेच ते. आमचे गुरुजी."

म्हातारीने गुरुजींकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली आणि बाजूला सरकून जागा दिली. गुरुजी बसले. सुकरीने द्रोण भरून आणला. त्यांनी प्याला, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

"काऊन हलली तू तिथून?" शेवटी ते म्हणाले. "पोरीनं काय सांगतलं होतं?"

"उभी होती ना! एक वर्दीवाला आला, मांगं हो, मांगं हो करून हात कराले लागला. मी मांगं झाली. पुन्हा हात. मले वाटलं, इथी उभं राह्यलं तर चालत नाई. बिना तिकिटाची बाई मी. मंग आपलं जे हाय ते केलं." तिने पदराने नाक पुसलं, आणि तेव्हा गुरुजींना दिसलं की तिचे डोळे रडून लाल झालेले आहेत. "तुमाले पान दिसलं ना?"

"दिसलं."

"मले भेव तेवढंच होतं. तुमी येसाल हे मले ठावं होतं. पण मनात आलं, एवढे वर्सं पुस्तकं वाचून वाचून हा मानूस पान वाचाचं इसरला असन तर? मंग मी इथीच बसून राहीन अन् तो तिथीच फिरत राहीन."

"कसा इसरीन?" गुरुजी म्हणाले.

"पाहताबरोबर समजलं?"

"हौ. पाहताबरोबर."

सुकरी खाली वाकली आणि गुरुजींच्या बुटाच्या तळाला चिकटलेला पानाचा फाटका तुकडा तिने दोन बोटांनी सोडवून काढला. तो त्यांच्या नाकासमोर धरला.

गुरुजी आधी ओशाळले. मग त्यांना हसू आलं. मग सुकरीलाही आलं, आणि काही न कळता ती टोपीवाली म्हातारीसुद्धा हसायला लागली. तिघं जण त्या बाकावर पोट धरून हसत होती.

"मी तिघाचौघायले विचारलं बी तुयाबद्दल," ते म्हणाले. "एका फुलवालीले, एका पाववाल्याले."

"तुमी? विचारलं?" सुकरीचा विश्वास बसेना. "कोनत्या भाषेत?"

"हातानं."

"हसले का कोनी?"

"नाई. कोनीच नाई हसलं."

"मंग आता घरी गेल्यावर किराना तुमीच आनत जा," ती म्हणाली.

म्हातारीला जोहार करून दोघं परत खाली उतरले. या वेळी सुकरीने त्यांच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरली होती. फलाटावर आल्यावर तिने समोरच्या माणसाला बिनदिक्कत विचारलं, "हे गाडी काग्रानले जाते का जी?" गुरुजींनी पाटी वाचून होकार दिला, आणि त्या माणसानेही एवढं एक नाव ओळखून मान हलवली. दोन्ही जुळलं.

गाडी आली. गुरुजी बाजूला सरकले. "तू चढ पयले."

"मी काऊन? तुमी चढा, सीट पकडा."

"आज सीट नाई पकडाची. चढ म्हणतो ना!"

ती चढली, ते तिच्या पाठीला लागूनच चढले, आणि दार त्यांच्या मागे लागलं. सीटा रिकाम्या होत्या. बसल्यावर सुकरीने त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"दुपट्टा कुठी हाय?"

गुरुजींनी खांद्याला हात लावला. इतक्या धावपळीत त्यांना त्याची आठवणच झाली नव्हती.

"तो गेला पुढं," ते म्हणाले. "दोन सीटा धरून."

सुकरीने तोंडाला पदर लावला. गाडी बोगद्यातून वर आली. उजेड झाला. खाली नदी लागली, रुंद, संथ, दोन्ही काठांना झाडं. रोज पूल आला की ती तिची गावाकडच्या प्राणहिता नदीशी तुलना करायची. आज तिने नदीकडे पाहिलंच नाही. पदराआड तिचे खांदे हलत होते.

"रीनाले सांगाचं का?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"काय सांगता? का दुपट्टा एकटाच फिराले गेला?"

काग्रानला ते उतरले. घर जवळच होतं आणि रीना यायला बराच वेळ होता. पण सुकरी जिन्याकडे वळली नाही. शेवटच्या स्टेशनाहून उलट फिरलेली एक गाडी समोर येऊन थांबली होती. सुकरी बाही न सोडता वाकून तिच्या खिडक्यांतून आत पाहायला लागली.

"पाहा ना गुरुजी, तुमचे डोळे चांगले हायेत," ती म्हणाली. "बसला हाय का कुठी?"

गुरुजीही वाकले, आणि दोघं एकेक खिडकी पाहत फलाटाच्या कडेने चालू लागले.